खेड्यातली मुलं ‘ढ’ नव्हतीच!

अॅप्टिट्यूड टेस्ट देताना तुमची नजर पेपरपेक्षा घड्याळाकडेच जास्त असते ना? मग ऑटो क्लाइनबर्ग यांची गोष्ट तुम्हाला माहीत हवीच.

1899 मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरात जन्मलेले क्लाइनबर्ग आधी डॉक्टर झाले. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी मानसशास्त्रात पीएचडी केली. तेव्हा अमेरिकेत बुद्धिमत्ता चाचण्यांची जाम क्रेझ होती. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांनी या चाचण्या दिल्या होत्या. त्यांच्या मार्कांवरून काही अभ्यासकांनी उत्तर युरोपातले गोरेच जन्मतः जास्त हुशार, असं ठरवूनही टाकलं होतं.

क्लाइनबर्ग यांना हे पटेना. पीएचडीसाठी ते वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा मूलनिवासी मुलांकडे गेले. काम झटपट उरका, असं सांगूनही ही मुलं आपली निवांत! पण त्यांच्या चुका कमी होत्या. म्हणजे डोकं संथ नव्हतं, घाईची सवय नव्हती.

मग त्यांनी युरोप गाठला. फ्रान्स, जर्मनी आणि इटलीतल्या खेड्यांमध्ये 10 ते 12 वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, शिवाय पॅरिस, हॅम्बुर्ग आणि रोममध्येही. 1931 मध्ये निष्कर्ष छापून आले. शहरातली मुलं खेड्यातल्या मुलांच्या पुढे होती. आणि गंमत बघा, शहर आणि खेडं यांच्यातला फरक तथाकथित वंशांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला!

आता तुम्ही म्हणाल, हुशार माणसंच शहरात जात असतील. तेव्हाही हाच मुद्दा मांडला जायचा. अमेरिकेच्या दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं न्यूयॉर्कला येत होती. क्लाइनबर्ग यांनी त्यांच्या मुलांचे जुने शाळेतले मार्क शोधून काढले. गाव सोडण्याआधी ही मुलं वर्गातल्या इतरांपेक्षा काही खास पुढे नव्हती. मात्र न्यूयॉर्कमध्ये जितकी जास्त वर्षं काढली, तितके मार्क जास्त, असं चित्र हार्लेमच्या शाळांत दिसलं. 1935 मध्ये हे संशोधन पुस्तकरूपात आलं. मुलांचा वंश तोच होता, बदलली होती ती शाळा आणि भोवतालचं जग.

त्यांचे विद्यार्थी केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख पुढे 1954 च्या निकालात आला. शाळांमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तो हाच निकाल.

क्लाइनबर्ग 1992 मध्ये गेले. चाचण्या मात्र आजही आहेत, तुमच्याआमच्या वाट्यालाही येतात. त्यामुळे गावाकडून आलेल्या वर्गमित्राला पहिल्याच टेस्टमध्ये कमी मार्क पडले, तर त्याला लगेच ‘स्लो’ म्हणू नका. त्याच्या शाळेत लायब्ररी होती का, तो अशी टेस्ट आयुष्यात पहिल्यांदाच देतोय का, एवढं तरी आधी विचारा. आणि तो वर्गमित्र तुम्ही स्वतःच असाल, तर टेन्शन घेऊ नका. ही तर तुमची पहिलीच टेस्ट आहे.