नट फिरवून हाड वाढवणारा डॉक्टर: गाव्रिल इलिझारोव्ह

उंची वाढवण्याच्या सर्जरीचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. मांडीचं हाड कापतात, हळूहळू ओढतात आणि मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. फेक वाटतं ना? पण हे खरं आहे, आणि यामागचा माणूस सायबेरियातल्या एका खेड्यातला डॉक्टर होता.

हाड ओढायची कल्पना तशी जुनीच. १९०५ मध्ये इटलीचे कोदिविला यांनी मांडीचं हाड कापून जोर लावून लांब केलं होतं. पण एकदम ओढलं की स्नायू आणि मज्जातंतू साथ देत नाहीत.

१९२१ मध्ये जन्मलेले इलिझारोव्ह १९४४ मध्ये डॉक्टर झाले आणि त्यांची नेमणूक कुर्गान भागात झाली. युद्धाचा काळ, हाडं मोडलेले पेशंट भरपूर, साधनं मात्र जेमतेम. त्यांनी पायाभोवती धातूच्या रिंगा बसवल्या, सायकलच्या स्पोकसारख्या ताणलेल्या तारा हाडातून आरपार घातल्या आणि रिंगा नट-बोल्टच्या दांड्यांनी जोडल्या. आधी उद्देश होता तुटलेली टोकं एकमेकांवर दाबायचा. असं सांगतात, की एका पेशंटने नट उलटा फिरवला, टोकं लांब गेली आणि फटीत चक्क नवं हाड दिसलं! मग प्रयोगांतून वेग ठरला: दिवसाला १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर करत चार वेळा. घाई केली तर हाड भरत नाही, फार हळू गेलं तर वेळेआधीच जुळून बसतं.

मॉस्कोच्या बड्या डॉक्टरांनी मात्र वर्षानुवर्षं त्यांना मनावर घेतलं नाही. १९६४ चा ऑलिंपिक उंच उडी विजेता व्हालेरी ब्रुमेल याचा पाय बाइक अपघातात मोडला होता. बरीच ऑपरेशन्स फसल्यावर १९६८ मध्ये तो कुर्गानला आला, बरा झाला आणि परत २ मीटरहून उंच उडाला. तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले. पश्चिमेकडे हे तंत्र पोहोचायला तर १९८१ उजाडलं.

मांडीत स्नायू जाड, त्यामुळे तिथे रिंगा फार त्रासदायक. म्हणून आता हाडाच्या आत चुंबक असलेली सळई बसवतात आणि बाहेरून रिमोटने लांब करतात. वेग साधारण तोच. म्हणजे ५ सेंटीमीटरसाठी ५० दिवस नुसतं ओढणं, आणि नवं हाड पक्कं व्हायला आणखी काही महिने. रील्समध्ये हे महिने दिसत नाहीत.

इलिझारोव्ह १९९२ मध्ये वारले, कुर्गानमध्येच.