डाऊन हे एका माणसाचं आडनाव आहे

डाऊन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सर्व्हर डाऊन, नेटवर्क डाऊन, नाहीतर रिझल्टनंतरचा मूड डाऊन! त्यामुळे डाऊन सिंड्रोम म्हणजे काहीतरी खाली गेलेलं, असंच बहुतेकांना वाटतं. पण डाऊन हे एका डॉक्टरचं आडनाव आहे. त्याची गोष्ट आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, म्हणून इथे सांगतो.

जॉन लँग्डन डाऊनचा जन्म १८ नोव्हेंबर १८२८ चा, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या टॉरपॉइंट गावचा. वडिलांचं औषधांचं आणि किराण्याचं दुकान. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा गल्ल्यावर बसला. अठराव्या वर्षी एकदा पावसात अडकून तो एका घरात थांबला. तिथे त्याला एक मतिमंद मुलगी दिसली. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला तो कायमचा. पुढे लंडनला औषधशास्त्र शिकला, तब्येत बिघडली, घरी परतला. १८५३ साली वडील गेल्यावर त्याने मेडिकलला प्रवेश घेतला. तेव्हा तो पंचविशीला आला होता. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप लागला तर घरात सुतक पाळतात!

हुशार विद्यार्थी म्हणून नाव झालं. मोठ्या हॉस्पिटलात राहता आलं असतं. पण १८५८ मध्ये, तिशीच्या आतच, त्याने अर्ल्सवुडच्या मतिमंदांच्या असायलमची जबाबदारी घेतली. त्या काळी अशा मुलांना घरात लपवत नाहीतर कोंडून ठेवत. डाऊनने मारहाण बंद केली. मुलांना काट्या-चमच्याने जेवायला, बागकाम करायला, घोड्यावर बसायला शिकवलं. त्याने त्यांचे नीट कपड्यातले, खुर्चीवर बसलेले सुमारे दोनशे फोटोही काढले.

१८६६ मध्ये त्याने निबंध लिहिला. एकाच धाटणीचा चेहरा असलेल्या मुलांचा वेगळा गट त्याने ओळखला. निरीक्षण अचूक, पण निष्कर्ष चुकला. हे चेहरे त्याला मंगोल वंशासारखे वाटले आणि तेच नाव त्याने दिलं. कारण म्हणून आईवडिलांच्या क्षयरोगाकडे बोट दाखवलं. हेही चूकच. पुढे १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी आणि १९६५ मध्ये मंगोलिया देशाने आक्षेप घेतल्यावर ते नाव मागे पडलं आणि डाऊनचं नाव रूढ झालं. १९५९ मध्ये फ्रान्सच्या लेज्यून आणि सहकाऱ्यांनी खरं कारण दाखवलं होतं. पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, २१ व्या क्रमांकाचं एक जास्तीचं.

आता हे सगळं चाकणमध्ये बसून का सांगतोय? माझा चुलतभाऊ इथेच एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. मेदनकरवाडीत भाड्याने राहतो. त्याला मुलगा झाला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट यायला दोन आठवडे. ते दोन आठवडे मी पाहिलेत. आत्या बाळाचे डोळे बघून आजोबांवर गेलाय म्हणायची. काकू तळहातावरची एकच आडवी रेघ दाखवायची. (ही खूण नोंदवणाऱ्या पहिल्या लोकांत डाऊनचा मुलगा रेजिनाल्ड होता, पण ती चांगल्या धडधाकट माणसांच्या हातावरही असते.) वहिनी रात्रभर मोबाईलवर वाचत बसायची. ग्रहणात बाहेर गेले म्हणून झालं का, हा प्रश्न तिने मला तीनदा विचारला. दादा काहीच बोलायचा नाही. कंपनीत दिवसभर गो-नो गो गेज लावणारा माणूस, घरी मात्र नुसता बाळाकडे बघत बसायचा.

रिपोर्टमध्ये ४७ आले. वहिनीला मी डॉक्टरांनी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. यात ग्रहणाचा, खाण्याचा, कोणाच्या पापाचा संबंध नाही. पेशी विभागताना झालेला हा योगायोग आहे. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण कमी वयाच्या आयांनाही अशी मुलं होतात. आणि गरोदरपणातली डबल मार्कर चाचणी फक्त शक्यता सांगते; नक्की काय ते गुणसूत्रं मोजल्यावरच कळतं. बाळाच्या हृदयाची टूडी इको लगेच करून घेतली, कारण अशा सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. मग फिजिओथेरपी सुरू झाली.

डाऊनची पुढची गोष्ट मला इथेच महत्त्वाची वाटते. संस्थेच्या मंडळाशी पटेना म्हणून त्याने १८६८ मध्ये पत्नी मेरीसोबत नॉर्मन्सफील्ड नावाचं स्वतःचं घर-शाळा काढलं. १८७९ मध्ये तिथे मुलांसाठी चक्क नाट्यगृह बांधलं. ते आजही उभं आहे. १८९६ मध्ये तो वारला. नऊ वर्षांनी, १९०५ मध्ये, रेजिनाल्डला मुलगा झाला, आणि त्याला डाऊन सिंड्रोम होता! आजोबांचंच नाव असलेला हा जॉन १९७० पर्यंत जगला.

आपल्याकडेही असंच घडलंय. मुंबईत वकील दांपत्याच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. तिला घेईल अशी शाळा मिळेना, म्हणून त्यांनी १९४४ मध्ये स्वतःच सुरू केली. तीच आजची जय वकील संस्था.

आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर लॅब देते. पण याला काय काय जमेल, या प्रश्नाचा रिपोर्ट कुठलीच लॅब देत नाही. डाऊनचं नाव चुकलं, कारण चुकलं, पण हा दुसरा प्रश्न त्याने सोडला नाही. दादाचं पोरगं आता आधाराशिवाय बसतं. इतरांपेक्षा दोन-तीन महिने उशिरा, पण बसतं. परवा त्याने माझा कॅल्क्युलेटर तोंडात घातला. घालू दे, सबमिशन झालंय!