मेरी शेली

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस मेरी वुल्स्टनक्राफ्ट नावाची एक बंडखोर विदुषी होऊन गेली. स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणेच शिक्षण मिळाले पाहिजे, हे मत तिने १७९२ साली एक ग्रंथ लिहून निर्भीडपणे प्रतिपादन केले. त्या काळी असे लिहिणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणेच होते. पुढे विल्यम गॉडविन या तत्त्वचिंतकाशी तिचा विवाह झाला. ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडन येथे तिला कन्यारत्न झाले. आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी बाळंतरोगाने तिचे निधन झाले. मुलीला आईचेच नाव ठेवण्यात आले. हीच मेरी पुढे कवी शेलीची पत्नी झाली आणि मेरी शेली या नावाने जगास माहीत झाली.

मेरीला आई भेटली ती पुस्तकांतून. घरच्या ग्रंथसंग्रहात आईने लिहिलेले सारे काही होते. सेंट पँक्रसच्या दफनभूमीत आईचे थडगे होते. थोडी मोठी झाल्यावर मेरी हाती पुस्तक घेऊन तेथे जाऊन वाचीत बसे. त्या दगडावर कोरलेले नाव तिचे स्वतःचेच होते! घरात सावत्र आई आली, पण तिचे व मेरीचे कधी जमले नाही. शाळेत जाऊन रीतसर शिकण्याचा योग मेरीला फारसा आला नाही. तथापि वडिलांचा मुलांची पुस्तके छापण्याचा व विकण्याचा व्यवसाय होता, आणि नामांकित लेखकांची घरी सदैव ये-जा असे. एकदा कवी कोलरिज आपले म्हाताऱ्या खलाश्यावरचे काव्य म्हणून दाखवीत असता, निजावयास पाठविलेली मेरी कोचामागे दडून ते ऐकत होती, असे सांगतात. सारे सोबती मृत्यू पावल्यावर जहाजावर एकट्याच उरलेल्या माणसाची ती कथा आहे. लहानग्या मेरीच्या मनावर ती कायमची ठसली असल्यास नवल नाही.

१८१४ साली मेरीचा पर्सी शेली या तरुण कवीशी स्नेह जडला. शेली सरदार घराण्यातील होता, बुद्धिमान होता, आणि तितकाच उतावळाही होता. त्याचे पूर्वीच लग्न झाले होते. तरीही जुलै महिन्यात दोघे कोणासही न सांगता युरोपात निघून गेली. समाजाने त्यांना दोष दिला. आयुष्यभर विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार केलेल्या वडिलांनीही मुलीशी बोलणे टाकले! पुढे शेलीची पहिली पत्नी निवर्तल्यानंतर, डिसेंबर १८१६ मध्ये, त्यांचा विवाह झाला, तेव्हा कोठे वडिलांचा राग निवळला. मधल्या काळात मेरीच्या वाट्याला दारिद्र्य आले. १८१५ साली तिला झालेली पहिली मुलगी दोन आठवड्यांतच दगावली. त्या वेळी मेरीचे वय होते सतरा वर्षे.

त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यात, इंग्लंडपासून हजारो मैल दूर, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला. हजारो माणसे प्राणास मुकली. पर्वतातून बाहेर पडलेली राख आणि गंधकाची वाफ आकाशात फार उंच गेली व वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरली. सूर्याचे ऊन त्या पातळ पडद्याने अडविले. परिणामी १८१६ साली युरोपात व अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडले. स्वित्झर्लंडमध्ये पिके शेतातच कुजली, भाकरी महागली, आणि भुकेली माणसे रस्तोरस्ती भीक मागू लागली. हे कशामुळे घडते आहे हे तेव्हा कोणासही उमगले नाही. सूर्यच विझत चालला आहे, असे काहींना वाटू लागले.

अशा त्या उदास उन्हाळ्यात शेली व मेरी जिनीव्हा सरोवराच्या काठी येऊन राहिली होती. जवळच विख्यात कवी लॉर्ड बायरन याचे बिऱ्हाड होते. बाहेर सतत पाऊस, विजांचा कडकडाट; घराबाहेर पडण्याची सोय नाही. शेकोटीभोवती बसून ही मंडळी जर्मन भुताखेतांच्या गोष्टी वाचीत. एके रात्री बायरनने सर्वांना आव्हान दिले की, प्रत्येकाने एकेक भयकथा लिहावी.

बाकीचे लगेच लिहू लागले. मेरीला मात्र काही केल्या विषय सुचेना. रोज सकाळी मंडळी विचारीत आणि रोज तिला नकारार्थी मान हलवावी लागे. अशात एके रात्री बायरन व शेली यांच्यामध्ये जीवशक्तीसंबंधी चर्चा चालली. इटलीतील गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने हलवून दाखविला होता. त्याचा भाचा आल्डिनी याने १८०३ साली लंडनमध्ये एका मृत मनुष्यदेहावर तोच प्रयोग केला, तेव्हा प्रेताचा जबडा थरथरला होता. मग मेलेल्या शरीरात पुन्हा प्राण घालता येईल काय? मेरी एका बाजूस बसून हे मुकाट्याने ऐकत होती. त्या रात्री तिला झोप आली नाही. अर्धवट जागेपणी तिच्या डोळ्यांपुढे एक दृश्य उभे राहिले : आपण घडविलेल्या देहाशेजारी एक फिकुटलेला तरुण गुडघे टेकून बसला आहे, आणि तो देह हळूहळू हालचाल करू लागला आहे. सकाळ होताच तिने सांगितले की, आपल्याला गोष्ट सापडली. त्या वेळी तिला एकोणिसावे वर्ष होते.

त्या गोष्टीचीच पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी झाली. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा विद्यार्थी प्रेतांचे अवयव जोडून एक प्रचंड मनुष्याकृती तयार करतो आणि तिच्यात प्राण ओततो. ती डोळे उघडते मात्र, तिचे भेसूर रूप पाहून तो भिऊन पळ काढतो. जगात नुकताच आलेला तो जीव एकटाच रानोमाळ भटकू लागतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो. फटीतून पाहून त्यांची भाषा शिकतो, आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी जळणाची लाकडे आणून ठेवतो. शेवटी धीर करून तो घरातील आंधळ्या म्हाताऱ्यापुढे जातो. म्हातारा त्याच्याशी गोड बोलतो, कारण त्याला त्याचे रूप दिसत नाही. इतक्यात डोळस माणसे परत येतात व त्याला काठीने झोडपून हाकलून देतात. येथून पुढे त्याच्या मनातील मायेची जागा सूड घेतो आणि अनेक निरपराधांचा बळी जातो. या राक्षसाला मेरीने नावच दिलेले नाही. फ्रँकेन्स्टाइन हे त्याच्या निर्मात्याचे नाव. तरीही अनेक लोक त्या राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, ही चूक आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी ही कादंबरी प्रसिद्ध झाली. प्रती छापल्या अवघ्या ५००, आणि त्यांवर लेखिकेचे नाव नव्हते. प्रस्तावना शेलीने लिहिलेली असल्यामुळे पुस्तकही त्याचेच असावे असा अनेकांचा समज झाला. इतकी धाडसी कल्पना एका कोवळ्या वयाच्या मुलीच्या डोक्यातून निघू शकेल, हे लोकांस खरे वाटेना. १८२३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवर प्रथमच मेरीचे नाव छापले गेले.

तोपर्यंत तिच्या आयुष्याचे चित्र पालटले होते. १८१८ साली शेली कुटुंब इटलीस गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हेनिस येथे धाकटी क्लारा गेली, आणि पुढील वर्षी जूनमध्ये रोम येथे तीन वर्षांचा विल्यम गेला. नोव्हेंबर १८१९ मध्ये जन्मलेला पर्सी तेवढा वाचला. ८ जुलै १८२२ रोजी शेली आपल्या लहान शिडाच्या होडीतून लिव्होर्नोहून घरी परतण्यास निघाला. वाटेत वादळाने गाठले आणि होडी बुडाली. त्याचा देह दहा दिवसांनी किनाऱ्यास लागला. चोविसाव्या वर्षी मेरी विधवा झाली. १८२४ च्या एप्रिलमध्ये बायरनही ग्रीसमध्ये मरण पावला. जिनीव्हाकाठच्या शेकोटीभोवतीची मंडळी एकामागून एक गेली होती. आपल्या माणसांचा सारा कबिला नष्ट व्हावा आणि शेवटचे माणूस म्हणून आपणच उरावे, तशी आपली अवस्था झाली आहे, असे तिने त्या वर्षी रोजनिशीत नमूद केले.

१८२३ साली मुलाला घेऊन ती इंग्लंडला परतली होती. जवळ पैसा नव्हता. सासरे सर टिमथी शेली श्रीमंत होते, पण त्यांचा मेरीवर राग होता. मुलाला आपल्या स्वाधीन करून तिने दूर व्हावे, म्हणजे त्याच्या पालनपोषणाची व्यवस्था करू, असे त्यांनी कळविले. मेरीने हे साफ नाकारले. अखेर त्यांनी थोडा भत्ता देऊ केला, तोही कर्जाऊ. शिवाय शेलीचे चरित्र तिने प्रसिद्ध करता कामा नये, अशी अट घातली. मुलासाठी तिने ती अट मान्य केली. उरलेला खर्च तिला लेखणीवरच भागवावा लागला.

अशा स्थितीत तिने ‘शेवटचा माणूस’ ही कादंबरी लिहिली. ती फेब्रुवारी १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. कथा आहे एकविसाव्या शतकाच्या अखेरची. इंग्लंडात राजेशाही संपून लोकांचे राज्य आले आहे आणि माणसे फुग्यांच्या विमानांतून प्रवास करीत आहेत. बाकीचे भविष्य मात्र तिला फारसे दिसले नाही. रस्त्यांवरून अजून घोडागाड्याच धावतात. तिचे खरे लक्ष होते दुसरीकडे. कॉन्स्टँटिनोपलच्या बाजूने एक साथ निघते आणि देशामागून देश ओस पाडीत येते. १८१७ साली बंगालमध्ये उद्भवलेली पटकीची साथ मेरीच्या हयातीतच १८२३ पर्यंत कास्पियन समुद्राच्या काठी पोहोचली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

या संकटात माणसे कशी वागतात हे मेरीने बारकाईने रंगविले आहे. व्यापार बंद पडतो, परदेशांतील निर्वासितांचे लोंढे इंग्लंडात शिरतात, आणि धनिकांच्या बागा नांगरून तेथे अन्न पिकविण्यात येते. जनतेचा कैवारी म्हणून निवडून आलेला रायलंड साथ येताच अधिकारपद टाकून पळतो. पुढे धान्याच्या राशी साठवलेल्या एका घरात त्याचे प्रेत सापडते. अमेरिकेतून व आयर्लंडमधून आलेल्या टोळ्या लुटालूट करीत चालून येतात, तेव्हा प्रकृतीने नाजूक असा एड्रियन दोन सैन्यांच्या मध्ये जाऊन उभा राहतो आणि रक्तपात थांबवितो. फ्रान्समध्ये एक भोंदू उपजतो. माझ्या पंथात या, म्हणजे वाचाल, असे तो सांगतो आणि पंथातील मृत्यू लपवून ठेवतो. जुनी सत्ता मोडली की तिच्या जागी कोण कोण पुढे येतात, हे या पात्रांतून दिसते. एड्रियनमध्ये शेलीची आणि पराक्रमी रेमंडमध्ये बायरनची छाया ओळखू येते. मेलेल्या मित्रांना तिने कथेत पुन्हा चालतेबोलते केले.

शेवटी लायोनेल व्हर्नी हा एकटाच उरतो. एके काळचा हा मेंढपाळ साथीचा रोग होऊनही बरा झालेला असतो. उरलेसुरले दोन सोबती समुद्रात बुडतात आणि तो पोहून किनाऱ्यास लागतो. मग रोमच्या ओसाड राजवाड्यांतून तो हिंडतो. गुरेढोरे सुखाने चरत असतात. माणसांवाचून त्यांचे काही अडलेले नसते. धनगराचा एक कुत्रा त्याच्याजवळ येतो व त्याला बिलगतो. वाचणारा कोणीही नाही हे ठाऊक असूनही व्हर्नी मानवजातीची हकीकत लिहून काढतो, आणि कुत्र्याला व काही पुस्तकांना होडीत घेऊन समुद्रमार्गे निघतो. कोठेतरी दुसरा एखादा माणूस असेलही, एवढीच त्याची आशा.

टीकाकारांनी या पुस्तकाची निर्दयपणे खिल्ली उडविली. परीक्षणांत शेली हे नाव झळकले म्हणून सासऱ्यांनी काही काळ भत्ताही थांबविला. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. १९६५ साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने ते नव्याने छापले. २०२० साली साथीमुळे जगातील शहरे निर्मनुष्य झाली, तेव्हा अनेकांनी ते पुन्हा हाती घेतले.

मेरीने मात्र लिहिणे सोडले नाही. कादंबऱ्या, मासिकांसाठी कथा, ज्ञानकोशासाठी थोर लेखकांची चरित्रे, जे काम मिळेल ते ती करी. मुलगा हॅरोच्या शाळेत गेला. वसतिगृहाचा खर्च झेपेना, म्हणून १८३३ मध्ये ती स्वतःच हॅरो येथे राहावयास गेली. १८३९ साली तिने शेलीच्या समग्र कविता संपादित केल्या. चरित्र लिहिण्यास मनाई होती. तेव्हा प्रत्येक काळातील कवितांना टिपणे जोडून, ती कोठे व कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली हे तिने सांगितले. अट मोडली नाही, आणि शेलीचे चरित्रही वाचकांच्या हाती पडले. १८४४ मध्ये सासरे वारले व इस्टेट मुलाकडे आली. त्यानंतर तिला थोडे स्वास्थ्य लाभले. पण डोकेदुखीच्या विकाराने ती जर्जर झाली होती. १ फेब्रुवारी १८५१ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लंडन येथे तिचे निधन झाले. बोर्नमथ येथे तिचे दफन करण्यात आले. तिच्या आईवडिलांचे अवशेषही सेंट पँक्रसहून तेथे आणले गेले.

वर्षभराने मुलाने व सुनेने तिची लिहिण्याची पेटी उघडली. आत गेलेल्या मुलांच्या केसांच्या बटा होत्या, पती व ती मिळून लिहीत असत ती वही होती, आणि एका काव्याच्या पानात गुंडाळून ठेवलेली शेलीची थोडी राख होती.