जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटका देतेय? आधी झारच्या गॅरेजमधल्या या इंजिनिअरची गोष्ट वाचा

जालना रोडवर क्रांती चौक ते सेव्हन हिल्स. संध्याकाळी गाडी इथे अक्षरशः रांगते. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. दहा-पंधरा वर्षं जुनी डीएसजी गाडी असेल तर तिची थरथर नेमकी इथेच जाणवते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. आपल्या शेंद्रा एमआयडीसीतून बाहेर पडलेल्या जुन्या लॉरा, सुपर्बमध्येही काहींना हा दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे.

ही कल्पना आली कुठून? अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरच्या डोक्यातून. मेकॅनिकलची चार वर्षं काढूनही हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं!

कोण होते केग्रेस?

जन्म १८७९, फ्रान्समधलं एरिकूर. तरुणपणीच ते रशियाला गेले आणि झार निकोलस दुसरा याच्या मोटारींचं गॅरेज सांभाळू लागले. तिथली अडचण एकच, बर्फ. चाकं रुतायची. केग्रेस यांनी मागची चाकं काढून तिथे लवचिक पट्टा बसवला आणि राजाची गाडी बर्फावरून धावू लागली.

१९१७ मध्ये क्रांती झाली, झार गेला आणि केग्रेस मायदेशी परतले. गंमत म्हणजे पुढे लेनिनच्या रोल्स-रॉइसलाही हाच पट्टा लागला.

फ्रान्समध्ये आंद्रे सित्रोएन यांनी ही कल्पना उचलली. डिसेंबर १९२२ मध्ये पट्ट्याच्या पाच गाड्या तूगूर्तहून निघाल्या आणि सहारा ओलांडून जानेवारीत टिंबक्टूला पोहोचल्या. १९३१ च्या आशिया मोहिमेत तर अशा दोन गाड्या श्रीनगरहून गिलगिटकडे नेण्यात आल्या. वाट खचली तिथे गाडी सुटी करून भाग माणसांनी वाहून नेले. पण १९३४ च्या अखेरीस सित्रोएन कंपनी दिवाळखोरीत निघाली.

दोन क्लच कशासाठी?

त्यानंतर केग्रेस गिअरबॉक्सकडे वळले. एकाच क्लचच्या गाडीत गिअर बदलताना इंजिनची ताकद क्षणभर तुटते. त्यांनी काम वाटून दिलं: १, ३, ५ हे विषम गिअर एका क्लचवर, २, ४ हे सम गिअर दुसऱ्यावर. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार. एक क्लच सुटतो, त्याच वेळी दुसरा धरतो.

१९३९ च्या सुमारास पेटंट झालं, पण युद्ध पेटलं आणि पैसाही नव्हता. १९४३ मध्ये केग्रेस गेले. त्यांचा गिअरबॉक्स कारखान्यापर्यंत पोहोचलाच नाही. १९८० च्या दशकात पोर्शे आणि ऑडीने शर्यतीच्या गाड्यांत तो वापरला. शोरूममधल्या गाडीत यायला २००३ उजाडलं.

मग तुमच्या गाडीचं काय?

केग्रेस यांची ही वाटणीच दोष शोधायला कामी येते. गाडी दुसऱ्याच गिअरवर जड उठत असेल आणि विषम गिअर पडत नसतील, तर विषम बाजूचा क्लच किंवा त्याला चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट बघायचं. फक्त विषम गिअर चालत असतील तर उलट. रिव्हर्स कोणत्या बाजूला, हे मात्र गिअरबॉक्सच्या प्रकारानुसार बदलतं.

कमी वेगात नुसती थरथर असेल तर ड्राय क्लच झिजल्याचा किंवा तापल्याचा संशय आधी घ्या. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडं अंतर सुटू द्या, मग गाडी हलवा. तेलात बुडालेल्या क्लचचा, सहा गिअरचा प्रकार असेल तर तेल आणि फिल्टर शेवटचे कधी बदलले ते तपासा. साधारण दर ६० हजार किलोमीटरला ते बदलावे लागतात. बॅटरीही बघा. व्होल्टेज पडलं की हे युनिट भलतेच एरर कोड दाखवतं.

गॅरेजवाल्याने अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला तर होकार देण्याआधी स्कॅनरचे कोड कागदावर मागून घ्या. आणि क्लच बदललाच, तर स्कॅनर लावून बेसिक सेटिंग केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. ते राहिलं तर नव्या क्लचवरही तोच झटका बसू शकतो.