मान्सूनचं कोडं सोडवायला आलेला गणिती : सर गिल्बर्ट वॉकर

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. पुण्यात सिमला कुठून आलं, हा प्रश्न नवख्याला पडतोच. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही खूण. त्याआधी सिमल्यात बसून वीस वर्षं या खात्याचा कारभार पाहिला तो सर गिल्बर्ट वॉकर यांनी. दरवर्षी मे महिना आला की आपण एल निनोच्या बातम्या वाचतो. त्या बातमीचं मूळ शोधत मागे गेलं, की वाट वॉकर यांच्याच टेबलापाशी पोचते.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. वडील इंजिनिअर. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून १८८९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले. बरोबर दहा वर्षांनी आपल्या र. पु. परांजप्यांनी मिळवला, तोच हा मान. वॉकर यांना बूमरँग फेकायचा भारी नाद. तो फिरून परत का येतो, याचं गणित त्यांनी मांडलं आणि मित्रांनी त्यांचं नावच 'बूमरँग वॉकर' ठेवलं. बासरीचीही आवड होती. हवामानशास्त्राशी मात्र त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

दुष्काळाने दिलेली नोकरी

मग असा माणूस हिंदुस्थानच्या हवामान खात्यात कसा आला? त्याला कारण १८९९ चा दुष्काळ. विक्रम संवत १९५६, म्हणून गुजरात-माळव्यातली जुनी माणसं त्याला 'छप्पनिया' म्हणत. त्या साली खात्याचा अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि प्रत्यक्षात पावसाने दगा दिला. लाखो माणसं दगावली. गुरांची तर गणतीच नव्हती. खात्याचे प्रमुख सर जॉन एलियट निवृत्तीला आले होते. आपल्या जागी पक्का गणिती हवा, असं त्यांना वाटलं. १९०४ मध्ये वॉकर यांनी सूत्रं हाती घेतली.

तोवर अंदाजाचा मुख्य आधार म्हणजे हिमालयावरचा बर्फ. बर्फ जास्त पडला तर पाऊस कमी, हा ब्लॅनफर्ड यांचा आडाखा. वॉकर यांनी ठरवलं, की आधी कुठलाच सिद्धांत गृहीत धरायचा नाही. जगभरच्या ठाण्यांवरचा हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे जुने आकडे गोळा करायचे आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते तपासायचं. कॉम्प्युटर नव्हताच. कार्यालयातले हिंदी कारकून हाताने आकडेमोड करत आणि अशा जोड्यांमागून जोड्या तपासल्या जात.

यात एक धोका होता. शेकडो जोड्या तपासल्या तर दोन-चार योगायोगानेही जुळणारच. हा धोका वॉकर यांनी स्वतः ओळखला आणि असा मेळ खरा की नुसता योगायोग, हे पारखायची कसोटी १९१४ मध्ये मांडली.

याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी १९१३ मध्ये ते मद्रासला गेले असता पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. तो कारकून म्हणजे रामानुजन. वॉकर यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून शिफारस केली. रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, त्यात या पत्राचा मोठा वाटा होता.

दोन महासागरांची तराजू

आकड्यांच्या त्या ढिगातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि इकडे वाढला की तिकडे उतरतो. तराजूची दोन पारडीच जणू. वॉकर यांनी याला 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. आपला पाऊस या तराजूशी बांधलेला आहे, हेही त्यांनी दाखवलं.

पण हे का होतं? त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. दहा-वीस किलोमीटर उंचीवरच्या हवेची मोजमापं मिळतील तेव्हा नवे धागे सापडतील, अशी त्यांना आशा होती. १९२४ मध्ये 'सर' किताब घेऊन ते मायदेशी परतले आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात १९३४ पर्यंत प्राध्यापक राहिले. मान्सूनचा खात्रीचा अंदाज काही त्यांच्या हाती लागला नाही. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदीत ते गेले. त्यांच्या आशेतून फारसं निष्पन्न झालं नाही, असाच सूर तेव्हाच्या हवामानतज्ज्ञांत होता.

नेमक्या त्याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, प्रशांत महासागरात मोठा एल निनो आला होता आणि या वेळी तो मोजायला उपकरणं सज्ज होती. ती मोजमापं पुढे ठेवून जेकब बियर्क्नेस यांनी १९६९ मध्ये कोडं उलगडलं.

इंडोनेशियाच्या आसपासचा समुद्र फार ऊबदार. तिथली दमट हवा वर चढते, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी वर रेटली जाते. पंधरा किलोमीटरपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात. शास्त्रज्ञ याला 'डीप कन्व्हेक्शन' म्हणतात. वर गेलेली हवा पूर्वेला सरकते, पेरूजवळच्या थंड समुद्रावर खाली उतरते आणि वाऱ्यांबरोबर पुन्हा पश्चिमेला येते. एल निनोत ऊबदार पाणी पूर्वेकडे पसरतं, त्याच्यामागे ढगांचे मनोरेही सरकतात. मग आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली दबते आणि पाऊस रोडावतो. या साऱ्या चक्राला बियर्क्नेस यांनी नाव दिलं 'वॉकर सर्क्युलेशन'.

१८७७ आणि १८९९ ही दोन्ही दुष्काळी सालं एल निनोची होती, हे आता आपल्याला ठाऊक आहे. अलीकडची २००२ आणि २००९ ही तशीच. पण १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून एल निनोची बातमी आली की पेरणीचं नियोजन जपून करावं, पाणी राखून वापरावं, पण दुष्काळ ठरलेलाच असं समजून हातपाय गाळू नयेत. एखादा आकडा जुळला म्हणून त्यावर डोळे झाकून विसंबू नका, हे तर खुद्द वॉकर यांनीच शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय.