विश्लेषण : हुंड्यावर बंदी, छळ करणाऱ्याला ‘पत्री’... क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात बायकांना काय मिळाले?

मलकापूरहून पुणे-बेंगळुरू महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की कासेगाव, पेठ ही गावे लागतात. तिथून डावीकडे वळले की वाळवा, येडेमच्छिंद्र आणि कृष्णा ओलांडल्यावर कुंडल. १९४३ ते १९४६ या काळात या पट्ट्यात इंग्रजांचे राज्य बरेचसे कागदावर होते. गावातली भांडणे कोर्टात न जाता ‘प्रतिसरकार’च्या पंचांपुढे यायची. त्यात बांधाच्या आणि सावकारीच्या तक्रारींबरोबर बायकांच्या तक्रारीही असत. या सरकारचा चेहरा असलेले क्रांतिसिंह नाना पाटील पुढे कम्युनिस्ट खासदार झाले, ही गोष्ट मात्र जयंती-पुण्यतिथीच्या पोस्टमध्ये क्वचितच दिसते.

तलाठी ते भूमिगत नेता

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी बहे-बोरगावचा. गाव येडेमच्छिंद्र. तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचे नाव सांगली पडले १९६० मध्ये. नाना तलाठी होते. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी नोकरी सोडली आणि त्यानंतर तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या.

त्यांची जडणघडण सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात झाली. बोलणे अस्सल गावाकडचे. भाषणात इंग्रजांइतकाच सावकार, भटजी आणि लग्नातला थाटमाट यांचाही समाचार घेतला जायचा. १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक आली. कऱ्हाड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्यानंतर नाना भूमिगत झाले. डोक्यावर बक्षीस लागले, घर-जमीन जप्त झाली, पण १९४६ पर्यंत ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

‘पत्री’ म्हणजे काय?

बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी गुन्हेगाराच्या तळपायावर काठी बसायची. त्यावरून लोकांनी प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ म्हटले. तुफान सेना हे त्याचे सशस्त्र दल, तर न्यायदान मंडळे हा त्याचा रोजचा कारभार. इंग्रजांची रेल्वे लुटण्याच्या गोष्टी जास्त सांगितल्या जातात. कऱ्हाडजवळ शेणोलीला ७ जून १९४३ रोजी गाडी लुटली गेली, ती त्यातली गाजलेली. पण गावाने या सरकारला आपले मानले ते न्यायदानामुळे. भूमिगतांच्या नावाखाली किंवा पोलिसांच्या आशीर्वादाने लूटमार करणारे, बायकांच्या वाटेला जाणारे गुंड आधी मोडून काढले गेले. बायको टाकून देणे, तिचा छळ करणे हा घरातला मामला न मानता पंचांपुढे आणण्यासारखा गुन्हा ठरला. वकील नाही, स्टँप नाही, तालुक्याला खेटे नाहीत. शिक्षा अर्थातच अंगावर बसणारी होती. आजच्या नजरेने त्याला कायद्याचे राज्य म्हणता येणार नाही. पण इंग्रजी कोर्टाची पायरी जिला कधीच चढता आली नसती, तिला गावातच दाद मागायला जागा मिळाली.

लग्नाचा खर्च हा राजकीय प्रश्न का झाला?

इथे नानांचे खरे डोके दिसते. शेतकरी सावकाराच्या दारात जायचा तो बऱ्याचदा पोरीच्या लग्नासाठी. जमीन गहाण पडायची, आणि पोर म्हणजे ओझे ही समजूत आणखी पक्की व्हायची. म्हणून ‘गांधी लग्ने’ सुरू झाली. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. अंगावर खादी, गळ्यात हार आणि गावासमोर भाषणे. अशी लग्ने या पट्ट्यात मोठ्या संख्येने लागली. हुंडाबंदीचा देशाचा कायदा यायला तेव्हा दीड दशकाहून अधिक काळ बाकी होता.

बायका कुठे होत्या?

नानांची मुलगी हौसाबाई लहान असतानाच आई गेली होती. मोठेपणी ती या लढ्यात उतरली. नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग करून पोलिसांना बाहेर काढायचे आणि साथीदारांनी हत्यारे पळवायची, हा तिचा किस्सा प्रसिद्ध आहे. गोव्यातून साथीदाराला सोडवून आणताना तिने रात्री मांडवी पार केली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर कोवळ्या वयात घर सोडून चळवळीत आल्या. निरोप, हत्यारे, भाकरी, लपायला जागा हे सगळे बायकांवर चालत होते.

पण प्रतिसरकारचे पुढारी म्हणून घेतली जाणारी नावे पाहा : किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, नाथाजी लाड, पांडू मास्तर, बाबूजी पाटणकर. सगळे पुरुष. बाईला न्याय मिळत होता. तो द्यायला बसणारे बहुतेक दादा, अण्णा आणि बापूच होते.

कम्युनिस्ट कसे झाले?

१९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने ‘चले जाव’ला विरोध केला होता, कारण हिटलरविरुद्धच्या युद्धात रशिया इंग्रजांच्या बाजूला होता. म्हणजे प्रतिसरकार हे कम्युनिस्टांचे काम नव्हे. स्वातंत्र्यानंतर नाना काँग्रेसमधून बाहेर पडले, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि मग कम्युनिस्ट पक्षात. जमिनीचा प्रश्न त्यांना तिकडे घेऊन गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले, १९६७ मध्ये बीडमधून.

१९५७ मध्येच केरळात कम्युनिस्ट सरकार आले. जमीनसुधारणेचे महसूल खाते तिथे के. आर. गौरी या बाईंकडे होते. मंत्रिमंडळात त्या एकट्याच. बाहेरच्या देशांतही चित्र असेच अर्धे. रशियाने १९१८ मध्ये नवरा-बायको दोघांनाही सहज घटस्फोटाचा हक्क दिला, १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर केला. स्टालिनच्या काळात, १९३६ मध्ये, गर्भपातावर बंदी आली आणि घटस्फोट महाग झाला. चीनने १९५० च्या विवाह कायद्याने बालविवाह आणि मुलीची किंमत घेणे बंद केले, पण सामुदायिक शेतीत बाईच्या दिवसाला पुरुषापेक्षा कमी गुण मिळत राहिले.

हुंडाबंदी कायद्यावर लोकसभा आणि राज्यसभेचे एकमत होईना. मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची देशातली पहिली संयुक्त बैठक घ्यावी लागली, तेव्हा कुठे तो मंजूर झाला. नाना तेव्हा खासदार होते.

६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात टाकलेल्या बायकांनी पुन्हा संघटना बांधली. स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड आणि घरासाठी जागा ही त्यांची मागणी होती. त्यांच्यासोबत उभ्या होत्या त्याच इंदुताई पाटणकर.