न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

शिक्षणात एकदा खंड पडला, की आमच्या सणसवाडीतील एखादा मुलगा कंपनीत लागतो आणि पुस्तके कायमची मिटतो. अशांनी न्यायमूर्ती तय्यबजींचे चरित्र ध्यानी घ्यावे. १८४४ साली मुंबईत जन्मलेले बद्रुद्दीन १८६० साली विलायतेस शिकण्यास गेले. परंतु दृष्टी अधू झाल्याने त्यांना अर्ध्यावरून परतावे लागले. प्रकृती सुधारताच ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १८९५ साली न्यायमूर्ती झालेले बद्रुद्दीन १९०६ साली पैगंबरवासी झाले. वकिली असो वा डॉक्टरी, शिक्षणाची वाट लांबच असते. मध्ये थांबावे लागले, तरी ती सोडू नका. कॉलेजचा अर्ज पुन्हा भरता येतो.